रक्तशर्करेचे घरगुती मापन आणि टाईप टू मधुमेही रुग्ण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मधुमेहाचे निदान झाल्यानंतर मध्यमवर्गीय घरात जी नवी वस्तू हमखास येते ती म्हणजे ग्लुकोमीटर होय. तळहातावर मावेल एवढे यंत्र, पट्ट्यांची डबी, बोट टोचण्याचे पेन आणि आकडे लिहून ठेवण्यासाठी एखादी वही असा हा छोटासा संसार असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियाब' सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्ती मधुमेही असाव्यात. यांपैकी बहुसंख्य रुग्ण टाईप टू मधुमेहाचे आहेत. त्यांच्या शरीरात इन्शुलिन तयार होते, परंतु ते अपुरे पडते अथवा त्याचा योग्य परिणाम होत नाही. यातील अनेकांचा उपचार आहार, व्यायाम आणि गोळ्या यांवर चालतो.

प्रस्तुत लेखात रक्तशर्करेच्या घरगुती मापनाचा इतिहास तपासला आहे. साखर कोणी मोजावी, मोजलेला आकडा कोणी वाचावा आणि त्या आकड्यावरून उपचारात बदल करण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन प्रश्न या इतिहासात प्रारंभापासून एकमेकांत गुंतलेले दिसतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. उरलेल्या दोन प्रश्नांचे उत्तर इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णापुरते मिळाले. गोळ्या घेणाऱ्या टाईप टू रुग्णापर्यंत मात्र यंत्र पोहोचले आणि उत्तर मागे राहिले, असे येथे मांडावयाचे आहे.

लघवी परीक्षेचा काळ :

मधुमेहाच्या मूत्राकडे मुंग्या आकर्षित होतात हे निरीक्षण आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत आहे, हे सर्वश्रुत आहे. युरोपात थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७४ मध्ये मूत्राच्या गोडव्याची नोंद केली आणि मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ मध्ये मूत्र आटवून मागे उरणारा पदार्थ साखरेसारखा असल्याचे दाखविले. रुग्णाच्या रक्तातही गोडवा असतो, हेही त्याच्या लक्षात आले होते. तथापि हे सर्व ज्ञान वैद्याच्या जिभेवर अवलंबून होते.

एकोणिसाव्या शतकात ट्रॉमर (१८४१) आणि फेलिंग (१८४८) यांनी तांब्याच्या क्षारांवर आधारित रासायनिक परीक्षा शोधल्या. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ले बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यात सुधारणा केली. परीक्षानळीत निळे द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे काही थेंब टाकून ते उकळावयाचे आणि रंग पाहावयाचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी अशी चढती श्रेणी. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकांतून ही परीक्षा अनेकांच्या परिचयाची आहे. तिचे ऐतिहासिक महत्त्व असे की, स्पिरिटचा दिवा आणि एक नळी एवढ्या साहित्यावर ती स्वयंपाकघरात करता येत होती.

बोस्टन येथील डॉ. एलियट जॉस्लिन यांनी या शक्यतेचा पुरेपूर उपयोग केला. त्यांनी १९१८ मध्ये रुग्णांसाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली ती डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनी मिळून वापरावी असे तिच्या शीर्षकातच म्हटले होते. इन्शुलिनचा शोध त्यानंतर तीन वर्षांनी टोरांटोत लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला देण्यात आले. म्हणजे रुग्णाने स्वतःची परीक्षा स्वतः करावी ही कल्पना इन्शुलिनपेक्षाही जुनी आहे. जॉस्लिन यांच्या शिकवणुकीला नैतिक शिस्तीची एक धार होती, हेही नमूद केले पाहिजे. लघवीत साखर न येणे हा संयमाचा पुरावा आणि येणे हा ढिलाईचा, अशी भावना त्यातून रुजली. आकडा आणि अपराधीपणा यांची ही जोडी पुढे यंत्र बदलले तरी सुटली नाही.

१९४१ मध्ये माइल्स कंपनीच्या एम्स विभागाने 'क्लिनिटेस्ट' ही गोळी बाजारात आणली. पाण्यात मिसळलेल्या लघवीत ती टाकताच स्वतःच उष्णता निर्माण करीत असे, त्यामुळे दिव्याची गरज संपली. याच कंपनीत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दाम्पत्याने विकरयुक्त कागदी पट्टी विकसित केली. 'क्लिनिस्टिक्स' ही ती पट्टी १९५६ मध्ये आली; लघवीत बुडवावी आणि रंग पाहावा, एवढेच काम उरले.

परंतु लघवी परीक्षेची मूळ अडचण रसायनाची नसून शरीराची होती. सर्वसाधारणपणे रक्तातील साखर प्रति डेसिलिटर १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. त्यामुळे साखर १६० असो, १०० असो वा ४० असो, पट्टीचा रंग तोच राहतो. शिवाय मूत्राशयात साठलेली लघवी काही तासांपूर्वीची स्थिती सांगते. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आली तरी ही परीक्षा त्याला सावध करू शकत नव्हती.

रक्ताचा थेंब :

रक्तातील साखर प्रयोगशाळेत मोजण्याच्या पद्धती १९२० च्या सुमारास उपलब्ध झाल्या होत्या; पण त्यासाठी शिरेतून रक्त काढणे, ते प्रयोगशाळेत नेणे आणि उत्तराची वाट पाहणे क्रमप्राप्त होते. ही परिस्थिती १९६५ मध्ये बदलू लागली. एम्समधील अर्नेस्ट अॅडम्स यांनी 'डेक्स्ट्रोस्टिक्स' ही रक्तासाठीची पट्टी तयार केली. पट्टीवर रक्ताचा मोठा थेंब ठेवावयाचा, बरोबर एक मिनिट थांबावयाचे, पाण्याच्या धारेने रक्त धुऊन टाकावयाचे आणि उरलेला निळा रंग तक्त्याशी ताडून पाहावयाचा. दोन माणसे एकाच पट्टीचा रंग वेगवेगळा वाचीत, आणि मधुमेहाने दृष्टी अधू झालेल्या रुग्णाला तर तो वाचणे अवघडच होते.

यावर उपाय म्हणून त्याच कंपनीतील अँटन क्लेमेन्स यांनी पट्टीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारे यंत्र बनविले. १९७० मध्ये विक्रीस आलेला हा 'एम्स रिफ्लेक्टन्स मीटर' सुमारे सव्वा किलो वजनाचा होता. त्याची किंमत काही शे डॉलर होती आणि तो डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी व रुग्णालयासाठी होता. रुग्ण हा त्याचा ग्राहक असेल, अशी कल्पनाही निर्मात्यांनी केलेली नव्हती.

रुग्णाच्या हाती यंत्र :

या टप्प्यावर रिचर्ड बर्नस्टाईन यांचे नाव येते. वयाच्या बाराव्या वर्षी, १९४६ मध्ये, त्यांना मधुमेह झाला. तो टाईप वन प्रकारचा, म्हणजे इन्शुलिनशिवाय जगणे अशक्य असलेला होता. व्यवसायाने ते अभियंता होते. तिशी ओलांडेपर्यंत त्यांच्या शरीरात मधुमेहाचे अनेक उपद्रव सुरू झाले होते. १९६९-७० च्या सुमारास एका व्यावसायिक नियतकालिकात त्यांनी या नव्या यंत्राची जाहिरात पाहिली. त्यांच्या स्वतःच्या कथनानुसार, बेशुद्ध रुग्ण दारूच्या अमलाखाली आहे की मधुमेहाच्या मूर्च्छेत, हे रात्री प्रयोगशाळा बंद असताना ठरविता यावे, असा त्या जाहिरातीचा रोख होता. कंपनी रुग्णाला यंत्र विकावयास तयार नव्हती. पत्नी डॉक्टर असल्याने यंत्र तिच्या नावावर मागविण्यात आले.

बर्नस्टाईन दिवसातून पाच ते आठ वेळा रक्त तपासू लागले. आपली साखर एकाच दिवसात अतिशय खाली आणि अतिशय वर जाते, हे त्यांना प्रथमच दिसले. त्यांनी इन्शुलिनची मात्रा विभागली, आहार बदलला, पुन्हा मोजले आणि पुन्हा बदल केला. अभियंत्याची ही पद्धत होती. तिच्या यशाबद्दल लिहिलेला लेख वैद्यकीय नियतकालिकांनी स्वीकारला नाही. तेव्हा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले. २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी पुरस्कारलेल्या अत्यल्प पिष्टमय आहाराविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु मोजमाप आणि निर्णय ही एकाच व्यक्तीची कामे असू शकतात, हे त्यांनी स्वतःच्या देहावर दाखवून दिले.

वैद्यकीय व्यवसायाची मान्यता इंग्लंडमधून आली. ८ एप्रिल १९७८ च्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकात दोन लेख लागोपाठ प्रसिद्ध झाले. एक लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील सोंकसेन व सहकाऱ्यांचा आणि दुसरा नॉटिंगहॅमच्या टॅटरसॉल यांच्या गटाचा. सामान्य रुग्ण घरी बोटातील रक्त विश्वासार्ह रीतीने तपासू शकतात आणि त्यामुळे साखरेचे नियंत्रण सुधारते, असा दोहोंचा आशय होता. येथील रुग्ण इन्शुलिन घेणारे होते, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवले पाहिजे.

त्यानंतर यंत्र झपाट्याने लहान झाले. १९८७ मध्ये आलेल्या 'एक्झाटेक' या पेनाएवढ्या यंत्राने रंगाऐवजी विद्युत्प्रवाह मोजण्यास प्रारंभ केला. त्यामागे लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेली विकरयुक्त इलेक्ट्रोडची संकल्पना आणि क्रॅनफिल्ड व ऑक्सफर्ड येथील संशोधन होते. आजचे बहुतेक ग्लुकोमीटर याच कुळातील आहेत.

अमेरिकेत १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ टाईप वन रुग्णांवर झालेल्या 'डीसीसीटी' अभ्यासाने या प्रवासावर शिक्कामोर्तब केले. काटेकोर उपचाराच्या गटातील रुग्ण दिवसातून किमान चार वेळा रक्त तपासून त्यानुसार इन्शुलिनची मात्रा बदलीत. त्यांचे ग्लायकेटेड हिमोग्लोबिन, म्हणजे व्यवहारात ज्याला 'तीन महिन्यांची सरासरी' म्हणतात ते, सुमारे ७ टक्के राहिले. दुसऱ्या गटाचे सुमारे ९ टक्के होते. डोळा, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांच्या विकारांत मोठी घट झाली. या रुग्णांना दरमहा भेट आणि मधल्या काळात दूरध्वनीवरून सल्ला मिळत होता, ही बाब यंत्राच्या जाहिरातीत साहजिकच कोठे येत नाही.

टाईप टू रुग्णाकडे संक्रमण :

टाईप टू रुग्णांच्या बाबतीत असाच पाया १९९८ मध्ये ब्रिटनच्या 'यूकेपीडीएस' अभ्यासाने घातला. नव्याने निदान झालेल्या रुग्णांत काटेकोर नियंत्रणामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव २५ टक्क्यांनी घटले. मात्र येथे एक तार्किक उडी घेतली गेली. साखर कमी राखणे हितकारक आहे, हे या अभ्यासाने सिद्ध केले. गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने ती घरी रोज मोजणे हितकारक आहे, हे त्याने सिद्ध केलेले नव्हते. कारण उपचाराचे निर्णय मुख्यतः दवाखान्यातील तपासणीवर घेतले जात होते. त्याच सुमारास, १९९७ मध्ये, अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने उपाशीपोटी साखरेची निदानमर्यादा १४० वरून १२६ वर आणली. जुलै १९९८ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत इन्शुलिन न घेणाऱ्या मधुमेही वृद्धांनाही ग्लुकोमीटर व पट्ट्यांचा खर्च मिळू लागला. रुग्ण वाढले आणि पैसे देणाराही मिळाला. यंत्र स्वस्त आणि पट्टी कायमची, असे या व्यवसायाचे अर्थशास्त्र असल्याने रोज मोजणारा टाईप टू रुग्ण हा त्याचा सर्वांत मोठा संभाव्य ग्राहक ठरला.

आकड्याचा वाचक कोण :

घरगुती मापनामुळे रुग्ण आणि डॉक्टर यांच्या नात्यात काय घडते, याचा एक पुरावा १९८४ मध्येच मिळाला होता. रॉजर माझे व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये रुग्णांना दिलेल्या यंत्रांत स्मृतिसंचय बसविला होता. रुग्णांना त्याची कल्पना नव्हती. वहीतील आकडे आणि यंत्रातील आकडे ताडून पाहता अनेक ठिकाणी ते जुळले नाहीत. काही आकडे गाळलेले होते, काही न मोजताच लिहिलेले होते, आणि वहीतील सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा कमी होती. यात अप्रामाणिकपणा पाहणे सोपे आहे. अधिक सयुक्तिक अर्थ असा की, वही ही रुग्णाला स्वतःच्या उपयोगाची वस्तू वाटत नव्हती. ती परीक्षकापुढे ठेवण्याची उत्तरपत्रिका होती, आणि उत्तरपत्रिकेत कोणीही चुकीचे उत्तर मुद्दाम लिहीत नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या प्रश्नाची पद्धतशीर तपासणी झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील 'डायजेम' अभ्यासात इन्शुलिन न घेणारे ४५३ टाईप टू रुग्ण होते. घरी मोजणारे व न मोजणारे यांच्या ग्लायकेटेड हिमोग्लोबिनमध्ये वर्षानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. २००८ मधील उत्तर आयर्लंडच्या 'एस्मॉन' अभ्यासात नव्याने निदान झालेले १८४ रुग्ण होते. तेथेही फरक पडला नाही. उलट मोजणाऱ्या गटात नैराश्याचे गुणांकन ६ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही तोच होता.

हे असे का व्हावे? स्कॉटलंडमधील एलिझाबेथ पील, ज्युलिया लॉटन आदी संशोधकांनी नव्याने निदान झालेल्या रुग्णांच्या काही वर्षे पुन:पुन्हा मुलाखती घेऊन त्याचे उत्तर शोधले. प्रारंभी आकडा कमी आला की रुग्णाला दिलासा मिळे. वाढलेला आला की काय करावे, हे त्याला ठाऊक नसे. डॉक्टर आणि परिचारिका वहीत फारसे लक्ष घालीत नाहीत, त्यांना प्रयोगशाळेतील अहवालच महत्त्वाचा वाटतो, असे रुग्णांच्या ध्यानात आले आणि कालांतराने मोजणे कमी होत गेले. बर्नस्टाईन यांच्या हातातील यंत्र आणि या रुग्णांच्या हातातील यंत्र यांत तांत्रिक भेद होता तो नंतरच्यांच्या बाजूने होता. भेद अधिकाराचा होता. बर्नस्टाईन २५० आकडा पाहून इन्शुलिन बदलू शकत होते. गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला तोच आकडा पाहून पुढील भेटीची वाट पाहण्यापलीकडे काही करावयाचे नव्हते. आकड्याच्या अचूकतेची मर्यादाही त्याला कोणी सांगितलेली नसते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलिग्रॅम व त्यावरील पातळीवर यंत्राची ९५ टक्के मोजमापे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असली म्हणजे पुरे. खरी साखर १८० असता यंत्राने १५५ दाखविले काय किंवा २०५ दाखविले काय, यंत्र निर्दोषच ठरते. त्या पन्नासाच्या फरकावर रुग्णाचा मात्र एक दिवस आनंदात आणि एक चिंतेत जातो.

याउलट २०११ मध्ये पोलोन्स्की व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अमेरिकेतील अभ्यास पाहण्यासारखा आहे. इन्शुलिन न घेणाऱ्या ४८३ रुग्णांपैकी एका गटाने दर तिमाही भेटीपूर्वी सलग तीन दिवस, तिन्ही जेवणांच्या आधी व नंतर आणि झोपताना, असे दिवसातून सात वेळा रक्त तपासले व तक्ता भरला. तो तक्ता कसा वाचावा व त्यावरून उपचार कसा बदलावा, याचे प्रशिक्षण डॉक्टरांना दिलेले होते. वर्षाअखेरीस या गटाचे ग्लायकेटेड हिमोग्लोबिन १.२ टक्क्यांनी घटले, दुसऱ्याचे ०.९ टक्क्यांनी. फरक माफक आहे आणि अभ्यासाला एका ग्लुकोमीटर उत्पादक कंपनीचे अर्थसाहाय्य होते, हेही विसरता येत नाही. तरीही मोजमापाला वाचक मिळाल्यावर ते उपयोगी पडू लागले, हे त्यातून दिसते.

ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१५ मध्ये टाईप टू रुग्णांना सरसकट घरगुती मापन सुचवू नये, असे मार्गदर्शन केले. इन्शुलिन घेणारे, साखर अकस्मात उतरण्याचा अनुभव असलेले, तशी शक्यता असलेल्या गोळ्या घेऊन वाहन वा यंत्र चालविणारे आणि गर्भवती स्त्रिया यांचा त्याला अपवाद होता. हे अपवाद महत्त्वाचे आहेत. ग्लिमेपिराइड वा ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने भोवळ, घाम, थरथर जाणवताच बोट टोचून पाहणे ही चैन नव्हे.

भारतीय संदर्भ :

भारतात हा इतिहास उलट्या क्रमाने घडला, असे म्हणता येईल. पट्ट्यांचा खर्च देणारी यंत्रणा येथे नव्हती. यंत्र आले ते औषधाच्या दुकानातून आणि रुग्णाच्या स्वतःच्या खिशातून. 'फास्टिंग' आणि 'पीपी' हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी रुळले ते पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालांमुळे, आणि ग्लुकोमीटरही त्याच सवयीने, महिन्यातून एखाद्या सकाळी उपाशीपोटी, वापरला जातो. जानेवारी २०१४ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने तयार झालेली स्वदेशी यंत्रे सादर करण्यात आली. त्यांपैकी एक मुंबईच्या 'बायोसेन्स' कंपनीचे आणि दुसरे 'बिट्स पिलानी'च्या हैदराबाद येथील केंद्राने विकसित केलेले होते. आयात पट्टीच्या तुलनेत स्वस्त पट्टी देणे हा त्यामागील हेतू होता. पट्टीची किंमत हा अडथळा खराच आहे, परंतु तो एकमेव नाही.

त्यानंतर बोट टोचण्याचीही गरज कमी करणारे, दंडावर चिकटवून सुमारे दोन आठवडे साखर नोंदविणारे संवेदक आले. युरोपात 'फ्रीस्टाइल लिब्रे' २०१४ मध्ये आले आणि भारतात त्याची डॉक्टरांसाठीची आवृत्ती २०१५ मध्ये उपलब्ध झाली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इन्शुलिन न घेणाऱ्या प्रौढांना डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकत घेता येईल अशा संवेदकास प्रथमच परवानगी दिली. वहीत आठवड्याला दोन आकडे लिहिणाऱ्या रुग्णापुढे आता दिवसाला शेकडो आकडे येतात.

ज्या प्रश्नाला रुग्ण स्वतः उत्तर देऊ शकतो अशा प्रश्नासाठी मात्र जुने यंत्रही पुरेसे आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाण्यापूर्वी एकदा आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी एकदा रक्त तपासले, तर उपवास आणि साखर यांविषयीचा एक गैरसमज दोन पट्ट्यांत दूर होतो. भाकरी आणि भात, सायंकाळचे चालणे आणि न चालणे यांचीही अशीच तुलना करता येते. येथे निर्णय रुग्णाच्या ताटाचा असल्याने तो त्याच्या अधिकारातला आहे. गोळी बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा आहे, आणि त्यासाठी पोलोन्स्की यांच्या पद्धतीने तिमाहीस २१ पट्ट्या लागतात. रोज दोनदा मोजणाऱ्या रुग्णास त्याच काळात १८० लागतात. परंतु त्या २१ आकड्यांचा तक्ता समोर ठेवून वाचण्यास डॉक्टरांना वेळ लागतो, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढा वेळ देण्याची सोय अद्याप कोणत्याही यंत्राबरोबर आलेली नाही.